‘अस्तु’ : हरवलेल्या ओळखीचे नाते

आमच्या सेलूसारख्या गावात वार्धक्यातील विस्मरणाला ‘म्हातारचळ’ म्हणतात. एकदा हा शब्द उच्चारला की, घरातील माणसे त्या वृद्धाशी बोलेनाशी होतात. त्याच्या देखतच त्याच्याविषयी बोलू लागतात. घरभेटींच्या वेळी हे आम्हांला वारंवार जाणवले आहे. म्हणूनच सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाचा विचार आमच्या कुटुंबांनीही करावा, असे वाटते.

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. अल्झायमरच्या आजाराने त्यांची स्मृती हळूहळू लोपत चालली आहे. कन्या इरा क्षणभर नजरेआड होताच ते मोटारीतून उतरतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे निघून जातात. इरा त्यांच्या शोधात वणवण फिरते. इकडे माहुताची पत्नी चन्नम्मा या अनोळखी वृद्धाला आसरा देते. ते तिला आई मानतात आणि तीही त्यांची आई होते.

चित्रपटाचे मर्म येथेच आहे. चन्नम्माने पूर्वीचे शास्त्री पाहिलेले नाहीत. त्यांची विद्वत्ता, त्यांचे ग्रंथ, त्यांचा मानमरातब यांपैकी काहीच तिला ठाऊक नाही. त्यामुळे काय हरपले याचा हिशेब तिच्या मनात नसतो. समोरच्या भुकेल्या, भांबावलेल्या माणसाला ती तो आहे तसा स्वीकारते. इराला मात्र वडिलांकडे पाहताना प्रत्येक वेळी पूर्वीचे वडील आठवतात. तिचे दुःख मोठे आहे, आणि तेच तिच्या स्वीकाराच्या आड येते. ‘अस्तु’ म्हणजे ‘असो, तसे होवो’. हे शीर्षक इरासाठीच योजले असावे, असे आम्हांला वाटते.

डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या अभिनयात रोगाचे प्रदर्शन नाही. विस्मरणातही शिल्लक राहिलेला माणूस दिसतो. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या चित्रपटांसाठीच्या ६१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचा, तर सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा पुरस्कार लाभला. भावे यांचे २०२१ साली निधन झाले.

तथापि, एक शंका नोंदविणे आवश्यक वाटते. चन्नम्माची करुणा अल्पकाळाची आहे. इराची सेवा दीर्घकाळाची. रात्रीची जागरणे, तेच ते प्रश्न, चिडचिड आणि त्यानंतरची अपराधी भावना हे सारे घरच्यांच्या वाट्याला येते. दोघींना एकाच तराजूत तोलले, तर कन्येवर अन्याय होईल. शिवाय जुनी आठवण ही केवळ अडसर नसते. वडिलांना काय आवडे, ते कशाला भीत, हे कन्याच सांगू शकते. ज्याला स्वतःची कथा आठवत नाही, त्याची कथा जपून ठेवणारे कोणी तरी लागतेच. इराची स्मृती आणि चन्नम्माचा स्वीकार या दोहोंची घराला गरज आहे.

हा चित्रपट पाहिल्यावर आम्हांला आमचीच एक चूक उमगली. परिचयातील एका आजीबाईंना आम्ही दर भेटीत विचारत असू, “आजी, ओळखलंत का मला?” त्या गोंधळत, ओशाळत, पदराचा काठ चाळवीत. तो प्रश्न नव्हता. ती परीक्षा होती, आणि त्यांत त्यांचे नापास होणे ठरलेलेच होते. नंतर आम्ही आपले नाव आपणच सांगू लागलो आणि रोझरीची प्रार्थना सुरू करू लागलो. लेकाचे नाव विसरलेल्या त्या आजी ‘नमो मरिये’ मात्र अडखळल्याविना म्हणत. लेकानेही पुढे तसेच केले. दारातून आत येताच तो म्हणे, “आई, मी तुझा धाकटा आलोय.”

तो कोण, हे कित्येकदा त्यांना कळत नसे. पण आपले कोणी तरी आले आहे, एवढे त्यांच्या चेहऱ्यावर उमटे.