नाचाचे गुण नेमके कशाला मिळतात?

‘घरी पहिल्यांदाच नाचाचा व्हिडिओ गेम भेट द्यायचाय, कोणता सेट घेऊ?’ हा प्रश्न खरेदीचा वाटतो. पण तुम्ही पेटची किंवा पीएचडीच्या प्रस्तावाची तयारी करत असाल, तर याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. हा मापनाचा प्रश्न आहे.

या सगळ्या खेळांना आपण एकाच नावानं ओळखतो: डान्स गेम. आत मात्र वेगवेगळी यंत्रं आहेत आणि प्रत्येकाची नाचाची व्याख्या वेगळी आहे. संशोधनात आपण जिला कार्यात्मक व्याख्या म्हणतो ती हीच. एखादी संकल्पना तुम्ही प्रत्यक्षात काय करून मोजली, ते सांगणारी.

पहिली व्याख्या पायांची. कोनामी कंपनीचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आला आणि १९९९ मध्ये प्लेस्टेशनवरून घरात. पडद्यावर बाण सरकतात, तुम्ही खालच्या चार बाणांवर तालात पाय टाकायचा. घरच्या मऊ चटईत वीजवाहक थर असतात आणि त्यांच्यामध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की थर एकमेकांना टेकतात, सर्किट पूर्ण होतं. यंत्राला कळतं ते इतकंच. तुम्ही सुंदर गिरकी घेतलीत काय आणि खांबासारखं उभं राहून नुसते पाय आपटलेत काय, वेळ साधली तर गुण सारखेच. आर्केडमधले काही खेळाडू पडद्याकडे पाठ करून बघ्यांसाठी नाचायचे. टाळ्या मिळायच्या, जादा गुण मात्र नाही.

दुसरी व्याख्या हाताची. युबिसॉफ्टचा ‘जस्ट डान्स’ २००९ मध्ये निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आला. इथे पडद्यावरच्या नर्तकाची नक्कल करायची, पण यंत्र बघतं ते हातातल्या रिमोटची हालचाल. म्हणून तर पडद्यावरच्या नर्तकाच्या एका हातात उठून दिसणारा रंगीत हातमोजा असतो. सोफ्यावर बसून नुसता हात नीट हलवला तरी बरे गुण पडतात.

तिसरी व्याख्या सांगाड्याची. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा आला आणि त्याच्यासोबत हार्मोनिक्सचा ‘डान्स सेंट्रल’. हा कॅमेरा खोली मोजून शरीराचे सांधे ओळखायचा. डावा हात चुकला तर पडद्यावरच्या नर्तकाचा तोच अवयव लाल व्हायचा. शिवाय एकेक हालचाल सुटी करून शिकायची सोय होती. माझ्या मते नाच शिकवण्याच्या सगळ्यात जवळ गेलेला खेळ हाच. आणि नेमकं किनेक्टचंच उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. बाजारात जे साधन सहज मिळतं ते सगळ्यात चांगलं असतंच असं नाही. प्रश्नावली निवडताना हेही आठवा.

मग पहिले दोन खेळ खोटे का? नाही, आणि इथेच आपले विद्यार्थी घाई करतात. सप्रमाणता साधनाला कायमची चिकटलेली नसते, ती वापरावर ठरते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं बाणांचा हा खेळ सरकारी शाळांत व्यायाम म्हणून नेण्याची योजना जाहीर केली. मुलांनी हालावं एवढाच हेतू असेल तर पाय मोजणं पुरेसं आहे. त्याच आकड्याला ‘नृत्यकौशल्य’ म्हटलं की गडबड सुरू होते. उलट बाजूही बघा. किरी मिलर यांचं ‘प्लेएबल बॉडीज’ हे २०१७ चं पुस्तक घरात असे खेळ खेळणारे लोक त्यातून काय शिकतात याचा अभ्यास आहे. यंत्र जे मोजत नाही तेही माणसं शिकत असतात. गुणपत्रिका अपुरी आहे म्हणून शिकणं घडलंच नाही, असं होत नाही.

आता भेटीकडे येऊ. समजा, सातवीतल्या भाचीला तुम्ही चटई दिलीत. टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर करतो. पडद्यावर दर सेकंदाला ६० चित्रं असतील तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. पाच-सहा चित्रांचा उशीर झाला तरी अचूक पडलेल्या पायाचे गुण कमी होऊ शकतात. वर बाणांच्या खेळात चुका साठल्या की गाणं मध्येच बंद पडतं. पोरगी काय म्हणेल? ‘टीव्ही लेट आहे’ असं नाही म्हणणार. ‘मला नाचता येत नाही’ म्हणेल, आणि चटई माळ्यावर जाईल. साधनाची चूक माणसाच्या माथी मारणं म्हणतात ते हे. आपण सर्वेक्षणात उत्तरदात्याला ‘अनभिज्ञ’ ठरवतो तेव्हा प्रश्नच अवघड भाषेत होता का, हे किती जण तपासतात?

म्हणून माझा सल्ला असा. लाजणारं मूल असेल, चार जणांनी मिळून खेळायचं असेल, तर ‘जस्ट डान्स’ घ्या. तिथे गाणं अर्ध्यात तुटत नाही. ताल पक्का करायचा असेल किंवा घाम गाळायचा असेल तर चटई. आधीच मोठा खर्च नको असेल तर यूएसबी चटई आणि लॅपटॉपवर ‘स्टेपमॅनिया’ हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम पुरे. चटई फरशीवर सरकते, तेव्हा खाली न घसरणारं काहीतरी घाला आणि मोजे काढायला सांगा. टीव्हीचा गेम मोड चालू करा, खेळातली वेळ जुळवून द्या. हे सगळं पहिलं गाणं लागायच्या आधी, तुम्ही स्वतः करायचं. पायलट स्टडी वेगळं काय असतं?

आणि प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ‘साधने’ या शीर्षकाखाली एक वाक्य जास्तीचं लिहा: माझ्या साधनाला काय दिसत नाही. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर साधन अजून तुमच्या नीट ओळखीचं झालेलं नाही.