बिरुदाची कसोटी

इतिहासात ‘महान’ हे बिरुद बहुधा जेत्यांच्या वाट्याला येते. अलेक्झांडरला ते रणांगणाने दिले. पोप ग्रेगरी (कार्यकाळ ५९०–६०४) यांनाही ते लाभले. पण ते स्वतःस देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवीत.

तेव्हाच्या इस्लामपूर परिसरातील येडेमच्छिंद्रचे नाना पाटील (१९००–१९७६) लोकांचे ‘क्रांतिसिंह’ झाले. त्यांच्यावरील गौरवपर लेखनात प्रतिसरकारचा (१९४३–४६) पराक्रम ठसठशीत उमटतो. गावोगावची न्यायदान मंडळे, अल्पखर्चाचे गांधी-विवाह मात्र ओझरते येतात. सिंहाची गर्जना शब्दांत पकडणे सोपे. गरिबाला दारात मिळालेला न्याय चितारणे अवघड. ख्रिस्ताने मोठेपण सेवेने मोजले. चरित्रकारानेही तेच माप हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. एरवी बिरुद उरते, माणूस हरवतो.