खोलीला कडी लावून गीतरामायण लिहून होत नाही

सातारा-सांगलीकडे कलाकारांच्या चालढकलीवर बोलणं निघालं की गदिमांचा किस्सा हमखास येतो. गीतरामायणाच्या पहिल्या गाण्याचा कागद सुधीर फडक्यांकडून हरवला, गदिमा चिडले, आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि पाव तासात गाणं तयार! तात्पर्य काय, तर डोक्यावर कुणी उभं राहिलं की कलाकार काम करतो, एरवी आळशीपणा.

हे तात्पर्य मला पटत नाही. मुळात किस्सा खरा धरला, तरी ते गाणं आधीच लिहून झालेलं होतं. खोलीत झालं ते आठवून उतरवणं. कोऱ्या कागदापुढची अडचण वेगळीच असते.

संशोधन काय म्हणतं बघू. पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये चालढकलीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. 'मी परफेक्शनिस्ट आहे म्हणून उशीर होतो' हे आपलं आवडतं कारण त्यात कमजोर निघालं. काम नकोसं वाटणं, फळ लांब असणं, मन पटकन भरकटणं आणि 'मला हे जमेल' हा विश्वास कमी असणं, यांचा संबंध जास्त दिसला. सिरोइस आणि पिचिल (2013) यांची मांडणी अशी, की काम टाळलं की वाईट वाटणं तेवढ्यापुरतं थांबतं. ती सुटका गोड लागते, म्हणून आपण पुन्हा टाळतो. सिनॉप्सिसची फाईल उघडून लगेच बंद करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग विश्वास येतो कुठून? बांडुरा (1977) यांच्या मते सगळ्यात जास्त स्वतः पूर्ण केलेल्या कामातून, आणि मग दुसऱ्याला काम करताना बघण्यातून, इतरांच्या शब्दांतून वगैरे. आता गदिमांकडे बघा. जन्म 1919, शेटफळे, आजचा सांगली जिल्हा. शिक्षण साताऱ्यातल्या औंधला. पुढे कोल्हापुरात त्यांनी वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केलं, म्हणजे लिहिणारा माणूस रोज जवळून बघितला. 'रामजोशी' 1947 चा, 'लाखाची गोष्ट' 1952 चा. गीतरामायण सुरू झालं 1 एप्रिल 1955 ला, म्हणजे तोवर बरीच कामं पूर्ण झालेली होती. किस्सा सांगताना ही वर्षं आपण गाळतो.

दुसरी गोष्ट कामाच्या रचनेची. 56 गाणी, पण दर आठवड्याला एक. ॲरिएली आणि वर्टेनब्रोख यांच्या प्रयोगात (2002) बाहेरून ठरवलेल्या, समान अंतराच्या तारखांना काम सगळ्यात चांगलं झालं. स्वतः ठरवलेल्या तारखा त्याखालोखाल, आणि शेवटी एकच तारीख असेल तर सगळ्यात वाईट.

अर्थात एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. तारखेच्या दडपणाखाली मोडून पडलेल्यांचे किस्से कुणी सांगत नाही, त्यामुळे आपल्यापर्यंत यशस्वी माणसंच पोचतात. शिवाय प्रत्येक उशीर म्हणजे चालढकल नाही. विषय मनात मुरायलाही वेळ लागतो. नुकसान होणार हे कळत असूनही आपण पुढे ढकलतो, तेव्हा ती चालढकल.

म्हणून विश्वास आल्यावर लिहीन म्हणून थांबू नका. गाईडकडून 'सहा महिन्यांनी प्रकरण' अशी एकच तारीख घेऊ नका. दर शनिवारी दोन पानं, वाईट असली तरी चालतील, पण कुणीतरी वाचणारं हवं.