फुल्यांचे १८८२ चे निवेदन आणि शिक्षणखर्चाचा क्रम

१

जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगास सादर केलेले निवेदन बहुधा दोन कारणांसाठी आठवले जाते. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी त्यात आहे, हे एक. आणि शेतकऱ्यांच्या श्रमातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो हा आरोप त्यात आहे, हे दुसरे. दोन्ही गोष्टी यथार्थ आहेत. परंतु तेवढ्यावर थांबल्यास निवेदनाचा बराच मोठा भाग न वाचताच राहून जातो. शिक्षकास दरमहा किती रुपये द्यावेत, शाळेची तपासणी वर्षातून किती वेळा व्हावी, कोणती लिपी शिकवावी, लोकल फंडातील किती वाटा शाळांकडे वळवावा, असा तो भाग आहे. वरवर पाहता हा कारकुनी तपशील वाटतो. वस्तुतः मुलांच्या शिक्षणावर सरकारने पैसा कसा खर्च करावा, या प्रश्नाचा विचार त्यातच सामावलेला आहे, आणि त्या दृष्टीने निवेदनाची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या प्रश्नास तोवर सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास होता. १८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानातील शिक्षणाकरिता दरसाल निदान एक लाख रुपये बाजूस काढण्याचे ठरले. तो पैसा कोणावर खर्च करावा, या वादाचा निकाल १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने लागला. थोड्यांना वरचे शिक्षण दिले म्हणजे ते आपोआप खालपर्यंत झिरपेल, ही त्यामागची धारणा होय. १८५४ च्या वुडच्या खलित्याने बहुजनांच्या शिक्षणाकडे लक्ष वेधले खरे, पण खर्चाचा ओघ फारसा बदलला नाही. ‘झिरपणे’ हे रूपक येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाणी खाली जाण्यास कोणी काही करावे लागत नाही. ते स्वभावतःच खाली जाते. रूपक स्वीकारले की खालच्या थरासाठी निराळी तरतूद करण्याचे कारणच उरत नाही. फुल्यांच्या निवेदनाचे पहिले कार्य हे रूपक नाकारण्याचे आहे.

२

निवेदनात दोन स्वर ऐकू येतात. पहिला आरोप करणाऱ्याचा. ‘गुलामगिरी’च्या (१८७३) इंग्रजी प्रस्तावनेतील उतारा निवेदनात समाविष्ट केलेला आहे, तेथे वाक्ये लांब, आवेशपूर्ण आणि प्रश्नार्थक आहेत. दुसरा स्वर शाळा चालविलेल्या माणसाचा आहे. पुणे आणि आसपासची खेडी एवढेच आपल्या अनुभवाचे क्षेत्र आहे, असे तो प्रारंभीच सांगून टाकतो. नंतरची वाक्ये आखूड होतात आणि सूचना क्रमवार येऊ लागतात. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीशी ताडून पाहिले असता हा संयम किती जाणीवपूर्वक पत्करलेला आहे हे कळून येते. निवेदनाचा वाचक निराळा होता, म्हणून भाषाही निराळी झाली.

पहिल्या स्वराचा युक्तिवाद असा: महसूल जो देतो त्यालाच त्या महसुलाचा लाभ मिळत नाही, हा अन्याय होय. वादाच्या दृष्टीने हा युक्तिवाद प्रभावी आहे. सरकारच्याच हिशेबाच्या वहीतून तो सरकारला उत्तर देतो. पण सिद्धान्त म्हणून तो तोकडा आहे. ‘जो भरतो त्यास मिळावे’ हे तत्त्व काटेकोरपणे लावले तर ज्याच्याकडे जमीनच नाही आणि म्हणून सारा भरण्याचा प्रश्नच नाही, त्याच्या मुलाचा हक्क कशावर उभा राहणार? फुल्यांना ही अडचण व्यवहारात तरी जाणवलेली दिसते. जातिभेदामुळे महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू दिले जात नाही, यास्तव मोठ्या गावांत त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा असाव्यात, अशी मागणी ते करतात. या मागणीचा आधार महसूल हा नव्हे. वंचितता हा आहे. म्हणजे निवेदनातील प्रत्यक्ष योजना त्यातील घोषित तत्त्वाहून व्यापक आहे. विचारवंताच्या लेखनात पुष्कळदा उलटे घडते. येथे व्यवहार तत्त्वाच्या पुढे गेला आहे.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फुले उच्च शिक्षणाच्या विरुद्ध होते असा ग्रह आरोपाचा भाग तेवढा वाचल्याने होतो. उच्च शिक्षणातून सरकारने अंग काढून घ्यावे, या त्या काळी चर्चेत असलेल्या कल्पनेस निवेदनात स्पष्ट विरोध आहे. वाद असावे की नसावे याचा नव्हे. पहिला रुपया कोठे जावा याचा आहे. ‘क्रम’ हीच या निवेदनाची मध्यवर्ती कल्पना मानावी लागते.

३

हा क्रम लावताना फुले शाळांच्या संख्येपाशी थांबत नाहीत. संख्या वाढविण्यासाठी ते चार मार्ग सांगतात: प्रशिक्षित शिक्षकांनी चालविलेल्या देशी शाळांना सढळ अनुदान, लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाकडे, नगरपालिकांवर आपापल्या हद्दीतील प्राथमिक शाळा चालविण्याची कायदेशीर सक्ती, आणि प्रांतिक वा मध्यवर्ती तिजोरीतून पुरेशी मदत. यांतील चौथ्या मार्गाचे महत्त्व विशेष आहे. शाळा केवळ स्थानिक करावर सोडल्या तर गरीब मुलुखाला गरीब शाळा मिळणार हे उघड आहे. आयोगाने प्राथमिक शिक्षणाचा सार्वजनिक पैशावरील हक्क मान्य केला, परंतु त्याची जबाबदारी मुख्यतः जिल्हा व नगर मंडळांवर टाकली आणि सक्तीची शिफारस केली नाही. पुढे बडोदे संस्थानात १९०६ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्ती आली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळले गेले. तत्त्वास मान्यता आणि तिजोरीस कुलूप, ही परंपरा जुनी आहे.

शाळा उघडल्यावरचा विचार त्याहून मोलाचा आहे. शिक्षकांचे वेतन क्वचितच दहा रुपयांच्या वर जाते आणि बहुतेकजण प्रशिक्षित नसतात, हे नोंदवून फुले प्रशिक्षित शिक्षकास निदान बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये द्यावेत असे म्हणतात. परंतु केवळ वेतनवाढ ते मागत नाहीत. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातील असावा, गावाच्या कारभारात त्यास स्थान असावे, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या डेप्युटीच्या भेटीऐवजी निदान तिमाही तपासणी व्हावी, तीही अधूनमधून पूर्वसूचना न देता, असा तो संच आहे. या संचातील एकच घटक वेगळा काढला तर काय होते, याचे उदाहरण इंडोनेशियात सापडते. तेथे २००५ च्या कायद्यानंतर प्रमाणपत्रधारक शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट करण्यात आले. शिक्षकांचे समाधान वाढले, पण दोन-तीन वर्षांच्या पाहणीत मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. उलट, उदयपूर जिल्ह्यातील एकशिक्षकी केंद्रांत हजेरीची छायाचित्रे घेऊन वेतन हजर दिवसांशी जोडले तेव्हा शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांच्या गुणांतही वाढ झाली. ही पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातील शाळेस देखरेख हवी हे निवेदनाने एकशेतीस वर्षे आधी सांगितले होते.

भाषाभ्यासकाने ज्यापाशी थांबावे असा तपशील अभ्यासक्रमाचा आहे. वाचन, लेखन व हिशेब हे मोडी आणि बालबोध अशा दोन्ही लिप्यांत शिकवावेत, असे फुले सुचवितात. छापील पुस्तके बालबोधीत होती. खते, फडांतील नोंदी, सावकाराच्या वह्या मोडीत होत्या. केवळ बालबोध शिकलेला कुणब्याचा मुलगा धडा वाचू शकला असता, पण बापाचे कर्जखत वाचू शकला नसता. ज्या लिपीशी घराचा व्यवहार बांधलेला आहे ती शिकविली नाही, तर वेतन, इमारत, पाटी यांवर झालेला सारा खर्च मुलाच्या उंबरठ्याबाहेरच थबकतो. हे सूत्र आजही तपासून पाहता येते. पश्चिम केनियातील ग्रामीण शाळांना १९९६ पासून पाठ्यपुस्तके पुरविण्याचा एक प्रयोग झाला. सरासरी गुणांत वाढ दिसली नाही. लाभ झाला तो आधीपासूनच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. पुस्तक मुलाच्या हाती पोहोचले. भाषा पोहोचली नाही. झिरपण्याचा सिद्धान्त एका वर्गखोलीतही पुन्हा अवतरू शकतो तो असा.

४

निवेदनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकास वेतनाखेरीज विशेष भत्ता द्यावा, ही सूचना निर्धोक नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवले होते. घोकंपट्टी वाढली, आणि शतक संपण्यापूर्वीच ती पद्धत सोडून द्यावी लागली. फुल्यांचा भत्ता वेतनास जोडून आहे, वेतनाच्या जागी नव्हे, हा भेद महत्त्वाचा आहे. तरी उत्तीर्णांची संख्या हेच माप ठरले की शिक्षकाचे लक्ष उत्तीर्ण होण्याजोग्या मुलांकडे वळते, हा धोका निवेदनाने हेरलेला नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. गरिबीमुळे आणि टिकून राहण्यास काही उत्तेजन नसल्यामुळे खालच्या वर्गांतील मुले लवकर शाळा सोडतात, हे फुले अचूक ओळखतात आणि बक्षिसे व शिष्यवृत्त्या सुचवितात. परंतु जी मुले शाळेत बसून आहेत आणि तरी शिकत नाहीत, त्यांचा प्रश्न निवेदनात येत नाही. १८८२ मध्ये तो येणेही कठीण होते. मुले शाळेत आणणे हेच तेव्हा साध्य होते. आज तो टाळता येत नाही. २०१८ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील तरुणींकडून वेगळे काढून शिकविण्याचा ‘बालसखी’ प्रयोग झाला, तेव्हा अल्प खर्चात त्या मुलांची प्रगती झाली. येथे खर्चाचा क्रम वर्गाच्या आतपर्यंत नेला गेला: आरंभ सर्वांत मागच्या मुलापासून.

५

राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशांतर्गत उत्पादनाच्या संदर्भात तोच आकडा पुन्हा उच्चारला. रकमेचा आग्रह योग्यच आहे; अपुऱ्या पैशात कोणताही क्रम नीट लागत नाही. तथापि टक्केवारी हे खर्चाचे माप आहे, पोहोचण्याचे नव्हे. फुल्यांच्या निवेदनाची थोरवी त्यातील आरोपाच्या तीव्रतेत शोधली जाते. ती त्याच्या तपशिलात अधिक आहे. बारा रुपये, तिमाही तपासणी, मोडी अक्षर, निम्मा फंड, यांतील प्रत्येक बाब एकच प्रश्न विचारते: तिजोरीतून निघालेला रुपया खेड्यातल्या शेवटच्या मुलाच्या वाचनात उतरतो की वाटेतच थांबतो? महसूल कोणी भरला या हिशेबावर तो प्रश्न अवलंबून ठेवण्याची गरज आता उरलेली नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. हक्क मुलाचा ठरला. क्रम लावण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.