व्हिडिओ गेममधला भारत आणि जिन्याचा प्रश्न

व्हिडिओ गेम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय? आमच्या वाङ्मयीन वर्तुळात हा प्रश्न फारसा गंभीरपणे विचारला जात नाही. जलसा, तमाशा, चित्रपट यांनाही समीक्षेच्या दारात बराच काळ ताटकळावे लागले होते, हे येथे आठवावे. मी वसई-विरार पट्ट्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वर्गातली नालासोपारा-विरारची मुले वर्षाकाठी चार पुस्तके वाचत नसतील, पण मोबाइलवरचे खेळ रोज खेळतात. आणि ज्या खेळांना पन्नास हजारांच्या घरातले यंत्र लागते, ते दुसरा कुणी खेळताना बघतात. भारताचा इतिहास त्यांच्या मनात आता क्रमिक पुस्तकाइतकाच या पडद्यावरही घडतो आहे. तेव्हा पडद्यावरचा हा भारत कोणाचा, हे विचारलेच पाहिजे. अलीकडे आलेले काही खेळ आणि जुन्या खेळांना विकत जोडल्या जाणाऱ्या पुरवण्या मी हा प्रश्न मनात ठेवून खेळून पाहिल्या.

खेळ समजून घ्यायचा तर चित्र पाहून भागत नाही, नियम पाहावा लागतो. आपल्याकडचा मोक्षपट घ्या. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. पुण्याच्या घरात शिडी, पापाच्या घरात साप. पण सोंगटी कुठल्या घरात जाणार हे कवड्यांच्या दानावर ठरते, आणि दान खेळणाऱ्याच्या हाती नसते. तरीही जो चढला तो पुण्यवान आणि जो घसरला तो पापी! कर्मविपाकाचा सिद्धांत याहून सोप्या रीतीने पोराबाळांच्या गळी कुणी उतरवला नसेल. खेळाचे तत्त्वज्ञान त्याच्या नियमात राहते, ते असे.

आता ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा जगभर खेळला जाणारा साम्राज्यांचा खेळ पाहू. त्याच्या दुसऱ्या भागाला एप्रिल २०२२मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी जोडली गेली. आधी ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली कोंबलेला हा देश तिने हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असा वाटला. बाबर, देवपाल, राजेंद्र चोळ यांच्या मोहिमा दिल्या. प्रांतांचे वेगळेपण ओळखले, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण या खेळाचा खरा नायक राजा नाही, गावकरी आहे. पन्नास अन्न मोजले की एक गावकरी तयार होतो. तोच लाकूड तोडतो, शेत कसतो, सोने खणतो, किल्ला बांधतो आणि मठही बांधतो. त्याला कुणी जात विचारत नाही. ज्याने मठ बांधला त्याला मठाच्या पायरीवरून हाकलत नाहीत. गाव आहे, पण गावकूस नाही. चारही राजवंशांत माणसे वेगळी, हत्ती वेगळे, भाषा वेगळ्या. श्रमाचा नियम मात्र एकच आणि तो समतेचा! ज्या देशात श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी झाली, हे बाबासाहेबांनी १९३६मध्येच दाखवून दिले, त्या देशाचे हे चित्र आहे.

याच मालिकेच्या तिसऱ्या भागाची ‘एशियन डायनॅस्टीज’ ही पुरवणी २००७ सालची. तिथे जात येते, पण कशी? जखमी सैनिकांना बरे करणारा ब्राह्मण हत्तीवर बसून येतो. भारतीयांची गाय कापता येत नाही. तिला पवित्र कुरणात सोडले की राज्याला अनुभवाचे गुण मिळत राहतात. ती कुरणात म्हातारी होत नाही, मरत नाही. त्यामुळे मेलेले ढोर ओढून नेण्याचा प्रश्नच या खेळात उद्भवत नाही. ब्राह्मण दिसला, गाय दिसली, आणि त्या दोघांचे पावित्र्य ज्याच्या पाठीवर उभे होते तो माणूस तेवढा गळाला. परदेशी कारागिरांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी भारताविषयी जी पुस्तके वाचली असतील, त्यांतूनच तो आधी गळालेला होता.

‘सिव्हिलायझेशन’च्या सातव्या भागाने (फेब्रुवारी २०२५) अशोकाला नेतेपद दिले आहे. या अशोकाविषयी बोलण्याचा वसई-विरारच्या माणसाला थोडा अधिक हक्क आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्याचा. आठव्या लेखात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीच्या यात्रा करीत, आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली. नवव्यात खरे मंगल कशाला म्हणावे हे सांगताना तो दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे आधी मोजतो. करमणूक सोडणारा आणि राबणाऱ्याची आठवण ठेवणारा असा हा राजा आमच्या मातीत बोलला आहे.

खेळातल्या अशोकाची रूपे दोन: एक जगाचा त्याग करणारा, दुसरा जग जिंकणारा. पहिला प्रजेच्या जास्तीच्या समाधानातून अन्न वाढवतो, दुसरा त्याच समाधानातून उत्पादन. खेळ सुरू होण्यापूर्वीच खेळणाऱ्याने यांतला एक निवडायचा. माझा मुख्य आक्षेप येथे आहे. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, असे अशोकाने स्वतःच तेराव्या लेखात कोरून ठेवले. या दोन अशोकांच्या मधे तो पश्चात्ताप आहे. जिंकणारा अशोक खेळता खेळता त्यागाकडे वळला, असा नियम करणाऱ्यांना सुचला नाही. त्यांनी माणसाचे परिवर्तन यादीतल्या दोन पर्यायांत वाटून टाकले. भुईगावचा दगड सापडला त्याच १९५६ साली लाखो माणसांनी नागपुरात धम्म स्वीकारला. त्यांच्या वारसांना हे चित्र पुरे पडणार नाही. धर्मांतर ही आवडनिवड नव्हती. ती एका जगण्याचा शेवट करून दुसऱ्याची सुरुवात करणारी कृती होती.

परदेशी खेळांचे हे झाले. आपल्या माणसांनी केलेला खेळ म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’कडे (२०२०) मी मोठ्या आशेने वळलो. खेळ देखणा आहे. पहाडी चित्रशैलीचे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, आणि मध्यभागी हाती त्रिशूळ घेतलेली एक पोर. राजी कसरती करून पोट भरणारी अनाथ मुलगी आहे. भिंतीवरून धावते, खांबावर चढते, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. रस्त्यावर कसरती करणाऱ्या पोरीला आपल्याकडे जात असते. ती डोंबाऱ्याची असते, कोल्हाट्याची असते. अशा अनेक भटक्या जमातींना १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ती नोंद १९५२ साली पुसली गेली. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’नंतर, किशोर शांताबाई काळ्यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’नंतर मराठी मुलखातल्या निर्मात्याने हे विसरावे, याचे वाईट वाटते. राजीची कसरत घेतली, पालातले जगणे वगळले. तिचे शौर्यही दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेने येते आणि त्यांच्याच तोंडून सांगितले जाते. समोरचा खलनायक महाबलासुर. जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीराजाची बाजू वाचलेला वाचक या नावाशी थबकल्याखेरीज राहत नाही. असुर म्हणजे कोण, हा दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात विचारला गेलेला प्रश्न या खेळाच्या कानी पडलेला दिसत नाही.

‘अहो, ही घटकाभराची करमणूक, तिथे कसली जात शोधता?’ असे कुणी म्हणेल. मी उलट विचारतो: आमच्या वस्तीतली मुले या खेळांना इतकी का चिकटतात? हिंदू समाज हा बिनजिन्याचा मजल्यामजल्यांचा मनोरा आहे, हे बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२०च्या ‘मूकनायका’त सांगितले. व्हिडिओ गेम म्हणजे जिनाच जिना. राबलात की गुण, गुण साठले की वरची पायरी. आणि मिळालेली पायरी आडनाव विचारून कुणी काढून घेत नाही. ज्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत आडनाव सांगताना आवाज खाली आणावा लागतो, त्याला या नियमाची ओढ लागणारच. त्या ओढीची मी थट्टा करणार नाही. न्यायी नियम कसा असतो याची चव त्याला तिथे मिळते, आणि चव कळलेला माणूस उद्या खऱ्या जगातही तो नियम मागू शकतो. पण असा जिना भारतात पूर्वापार होताच, असे हे खेळ त्याला शिकवतात. मग बाहेर पायरी मिळाली नाही की तो स्वतःलाच कमी खेळलेला समजतो. धोका आहे तो हा.

नियमातून अन्याय दाखवता येत नाही, असे नाही. लुकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) पाहा. खेळणारा सीमेवरचा तपासनीस होतो. जितकी माणसे तपासली तितकाच पगार, आणि घरी लेकरू आजारी. कागद अपुरे असलेल्या बाईला परत पाठवताना अन्यायी व्यवस्था आपल्याच हाताने चालते, हे खेळणाऱ्याला कळते. उपदेशाचे एक वाक्य लागत नाही.

असा खेळ जातीविषयी व्हायला हवा. त्यात आमच्या वेदनेची जत्रा भरण्याचे भय आहे, हे मी जाणतो. बिनजिन्याच्या मनोऱ्यात अडकण्याची मौज म्हणून तो विकला गेला, तर केला नाही तेच बरे. म्हणूनच तो सहानुभूतीने करून चालणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आमच्या माणसांनी लेखणी दुसऱ्याच्या हातात राहू दिली नाही. आज नालासोपाऱ्यातली, विरारमधली मुले संगणकाची भाषा शिकत आहेत. गावकुसाचा नियम त्यांना पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. त्यांनी आता खेळाचे नियम लिहायला बसावे.