चौसष्ट ठिपक्यांचा पोत

जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपलचा पहिला मॅकिन्टॉश बाजारात आला. त्याच्या नऊ इंची स्क्रीनवर रंग नव्हते, आणि खरं सांगायचं तर राखाडीही नव्हता. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. तरीही मशीन सुरू झालं की खिडक्यांच्या मागे मऊ राखाडी डेस्कटॉप पसरलेला दिसे. नाक स्क्रीनला लावलं की उलगडा व्हायचा: एक ठिपका काळा, एक पांढरा, खालच्या ओळीत नेमकं उलट. राखाडी रंग तयार होत होता तो बघणाऱ्याच्या डोळ्यात.

हा डेस्कटॉप हवा तसा बदलता येई, आणि ती सोय जरा थांबून पाहावी अशीच आहे. ‘कंट्रोल पॅनल’ उघडलं की त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. कळ दाबून धरल्यावर अक्षर किती भराभर उमटावं, हे ठरवायला एका टोकाला ससा, दुसऱ्याला कासव. चित्रकार सुझन केअर यांची ही करामत. त्याच पॅनलमध्ये एक मोठी केलेली चौकट, आठ बाय आठ घरांची. घरावर क्लिक केलं की पांढरं काळं होतं, काळं पांढरं. शेजारी चिमुकला डेस्कटॉप. घर बदललं की तोही तत्क्षणी बदलतो. त्याच्या माथ्यावर मेन्यूची पांढरी पट्टी आहे ना, तिच्यावर क्लिक करत गेलं की तयार नमुने एकामागून एक येतात. एखादा पसंत पडला की त्या चिमुकल्या डेस्कटॉपवरच क्लिक करायचं, आणि सगळी स्क्रीन तो नमुना अंगावर घेते. ‘ओके’ नाही, ‘रद्द करा’ नाही.

आठच घरं का, याचं उत्तर हिशेबात आहे. स्क्रीन ५१२ बाय ३४२ ठिपक्यांची. तेवढं चित्र साठवायला २१,८८८ बाइट लागतात, आणि मशीनची एकूण मेमरी १२८ किलोबाइट. म्हणजे नुसत्या शोभेच्या चित्रापायी सहावा हिस्सा खर्ची पडला असता! आठ बाय आठच्या नमुन्याला लागतात फक्त आठ बाइट. प्रोग्रॅमर मंडळींनी काटकसर केली, पण तिच्यामुळे साध्या वापरणाऱ्याला चित्राऐवजी पोत घडवायला मिळाला.

आणि पोत घडवणं वाटतं तितकं सोपं नाही. चौकटीत एक ठिपका टाकला की तो स्क्रीनवर अडीच हजारांहून अधिक ठिकाणी उमटतो. उजव्या कडेला संपणारी रेघ शेजारच्या चौकटीच्या डाव्या कडेपाशी पुढे सुरू व्हायला हवी. नाहीतर सगळीकडे शिवण दिसते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके आठ ठिपके टाकले, तर स्क्रीनभर अखंड तिरप्या रेघा धावतात. पहिल्या आणि पाचव्या ओळीत आडव्या रेघा ओढून मधले उभे जोड एकाआड एक सरकवले, की विटांची भिंत उभी राहते. चौकटीत पाहताना तिथे वीट नसतेच. ती शेजाऱ्यांच्या साथीने होते. केअर यांना त्यांच्या आईने धागे मोजून करायचं भरतकाम शिकवलं होतं. आपल्याकडे मॅटीच्या कापडावर घरं मोजत टाके घालणाऱ्या बायकांनाही ही चौकट पहिल्या क्लिकलाच उमगली असती.

नवशिक्याचा पहिला मोह म्हणजे स्वतःच्या नावाचं आद्याक्षर. रोमन ‘के’ किंवा ‘एस’ आठ घरांत ऐसपैस बसतो, आणि मग लग्नाच्या मांडवातल्या पाटीसारखा अडीच हजार वेळा डोळ्यांवर आदळतो. पाच मिनिटांची गंमत, मग डोकेदुखी. दाट काळ्या चौकडींचंही तेच: खिडकीतलं पत्र वाचायचं सोडून नजर मागेच अडखळत राहते.

म्हणूनच मला तो मूळचा राखाडी सर्वांत देखणा वाटतो. कोऱ्या पांढऱ्या डेस्कटॉपवर पांढऱ्या खिडकीला जेमतेम एका ठिपक्याच्या काळ्या रेघेचा आधार उरतो. ठार काळ्यावर ती रेघच बुडते. निम्मा काळा, निम्मा पांढरा असलेला डेस्कटॉप दोघांनाही सारखाच उठाव देतो. कचऱ्याच्या डब्याची काळी रेघही ठसठशीत दिसते आणि आतला पांढराही. आयकॉनच्या नावाखाली मात्र पांढरी पट्टी घालावी लागलीच, कारण बारीक अक्षरं त्या ठिपक्यांत हरवली असती.

पुढे मेमरी स्वस्त झाली, स्क्रीनवर रंग आले आणि १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये डेस्कटॉपवर सबंध चित्र लावायची सोय झाली. तेव्हापासून समुद्रकिनारे, डोंगर, घरची पोरंबाळं, सगळं खिडक्यांच्या मागे येऊन बसलं. लावायला एक क्लिक पुरतो, घडवायला काहीच उरत नाही. जुना मॅक आजच्या ब्राउझरमध्येही चालवून पाहता येतो; पाहिलात तर तयार नमुन्यांकडे वळण्याआधी चौकट पूर्ण पांढरी करा आणि एकच ठिपका टाका. मग दुसरा कुठे टाकायचा यावर बराच वेळ जाईल.