श्यामची आई : आठवण आणि श्रद्धा

कोकणातले घर मागे ठेवून ठाणे, कल्याण, डोंबिवलीला संसार थाटलेल्या अनेक कुटुंबांत ‘श्यामची आई’ लहानपणीच कानांवर पडते. हे पुस्तक रडवते, म्हणून कुणी ते डोक्यावर घेतात, तर कुणी नाक मुरडतात. परंतु अश्रूंचा हिशेब बाजूला ठेवला, तर त्यात श्रद्धेविषयी एक कणखर विचार सापडतो.

साने गुरुजींच्या आई १९१७ साली वारल्या. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी या आठवणी लिहून काढल्या. म्हणजे येथे बोलणारा श्याम लहान मुलगा नव्हे. आश्रमातल्या सोबत्यांना रात्री आपली आई सांगणारा तो प्रौढ पुरुष आहे. मुलाचे वागणे आणि प्रौढाचे उमजणे यांतल्या अंतरातच पुस्तकाचा अर्थ आहे.

आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटात वनमाला आणि माधव वझे यांनी ही मायलेकरे डोळ्यांपुढे उभी केली. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मात्र पडद्यावर आई समोर वावरू लागली, की ती आठवण आहे हे आपण विसरतो. सुजय डहाके यांच्या २०२३ सालच्या कृष्णधवल चित्रपटात ओम भूतकर यांच्या रूपाने स्वतः गुरुजीही दिसतात. ही योजना मला पुस्तकाच्या अधिक जवळची वाटते.

याची खरी कसोटी ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात लागते. अस्पृश्य म्हातारीला मोळी उचलून दे, असे आई सांगते. पण नंतर घरी येऊन अंघोळ कर, असेही सांगते. तिची दया मोठी, तरी काळाची वेस तिलाही होती. गुरुजींनी ती अंघोळ लपवली नाही. उलट मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. आई जेथे थांबली, तेथून मुलगा पुढे गेला. आणि तेही तिचेच बोट धरून!

आठवण जपणे म्हणजे जुने जसेच्या तसे गिरवणे नव्हे. या दिवाळीत हे प्रकरण घरात मोठ्याने वाचावे. ‘मग अंघोळ का?’ असे एखादे पोर विचारील. त्याला गप्प करू नये.